चौथी बाटली

रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातल्या नळाला चिठ्ठी चिकटवली : ‘सकाळपर्यंत हा नळ उघडू नका.’ रात्रीपुरतं प्यायचं पाणी आधीच भरून ठेवलं होतं. बाथरूमच्या नळांना वरच्या टाकीचं पाणी येतं, त्यामुळे ते वापरायला हरकत नव्हती. पण टाकी भरणारा कॉक मी आठवणीने बंद केला. रात्रीतून कोणी फ्लश केला असता तर टाकी भरायला लागली असती आणि मीटरपासून येणाऱ्या पाइपातलं पाणी हललं असतं. पुढचे सात तास ते पाणी जागचं हलायला नको होतं. ओट्यावर रुंद तोंडाच्या सहा बाटल्या मांडल्या, पहिली पाव लिटरची, बाकी पाच एकेक लिटरच्या. प्रत्येकीवर मार्करने आकडा घातला आणि झोपायला गेले. झोप काही लागली नाही.

आमच्या पिण्याच्या पाण्यात शिसं आहे का, याची ही दुसरी तपासणी. पहिली मी चुकीच्या पद्धतीने केली होती आणि तिचा अहवाल उत्तम आला होता. त्या अहवालावर विसंबून पुढचे दोन महिने आम्ही सगळे, आणि चौदा महिन्यांची आमची मुलगीही, तेच पाणी पीत राहिलो. हे सविस्तर लिहिते आहे ते त्या दोन महिन्यांसाठी.

सगळं सुरू झालं एका डागापासून. या जुन्या घरात राहायला आल्यावर काही दिवसांतच बाथरूमच्या बेसिनमध्ये, नळ ठिबकायचा त्याच्या खाली, निळसर हिरवा ओघळ दिसायला लागला. घासला की जायचा, आठवड्याभरात पुन्हा उमटायचा. मी त्याला शेवाळ समजत होते. नळाचा वायसर बदलायला प्लंबर आला तेव्हा त्याने नखाने तो डाग खरवडला आणि म्हणाला, “ताई, हे शेवाळ नाही. गरम पाण्याची लाइन तांब्याची आहे ना, ते तांबं उतरतंय. पाणी पाइप खातंय तुमचा.”

‘पाणी पाइप खातंय’ हे शब्द डोक्यातून जाईनात. नंतर वाचत गेले तशी त्यामागची गोष्ट कळली. ज्या पाण्यात कॅल्शियमसारखे क्षार पुरेसे असतात त्याचा पाइपाच्या आतल्या बाजूला पातळ थर बसतो आणि धातू त्या थराआड राहतो. पाणी मऊ असेल, त्यात आम्लता थोडी जास्त असेल, तर असा थर नीट धरत नाही आणि पाणी वाटेत भेटेल तो धातू थोडा थोडा विरघळवत पुढे येतं. तांबं असेल तर निळा हिरवा डाग पडतो, लोखंड असेल तर तांबूस. शिसं मात्र काहीच खूण ठेवत नाही. घातक ठरेल एवढ्या प्रमाणातही त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डाग तांब्याचा होता, पण जे पाणी तांबं खातं ते आणखी काय काय खात असेल, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला.

प्रयोगशाळेने दोन बाटल्या दिल्या. एक जंतूंच्या तपासणीची, निर्जंतुक केलेली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. बाटली दिसली की आधी विसळायची, ही आपली सवय. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी तेवढ्यात टोकलं म्हणून बरं. ती पूड सोडियम थायोसल्फेटची असते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती तिथल्या तिथे निकामी करते. नाहीतर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन आपलं काम करत राहतं आणि नळाशी होते त्यापेक्षा कमी जंतू अहवालात दिसतात. बाटली विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, भरल्यावर थंड ठेवायची आणि चोवीस तासांच्या आत, जमल्यास सहा तासांतच आणून द्यायची. दुसरी बाटली धातूंसाठी, आम्लाने धुतलेली.

मी अगदी सांगितल्याबरहुकूम केलं. दुपारी बारा वाजता नळाच्या तोंडाची जाळी काढली, तोंड स्वच्छ पुसून निर्जंतुक केलं, तीन मिनिटं पाणी मोठ्या धारेने सोडून दिलं आणि मग बाटली भरली. आणि त्याच धारेखाली, त्याच मिनिटाला, धातूंची बाटलीही भरली.

चूक इथे झाली. जंतूंसाठी जे करायचं, शिशासाठी नेमकं त्याच्या उलट करायचं असतं. जंतूंच्या तपासणीत आपल्याला नळाच्या तोंडावरची घाण नको असते, लाइनमधून येणारं पाणी हवं असतं, म्हणून वाहू देतात. शिशाच्या तपासणीत पाइपात आणि नळात तासन् तास थांबून राहिलेलं पाणीच हवं असतं, कारण धातू उतरतो तो पाणी थांबलेलं असताना. तीन मिनिटं नळ सोडला की ते पाणी मोरीतून निघून जातं. मी माझ्या हाताने पुरावा ओतून दिला होता.

अहवाल आला. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, नाहीत. गढूळपणा एक एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत. पीएच ६.६. शिसं लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे आम्ही बरेच खाली होतो. मी तो कागद फाइलला लावला. पीएचचा आकडा त्याच कागदावर, डोळ्यांसमोर होता. पाणी आम्लाकडे झुकलेलं आहे हे तो सांगत होता, पण ‘मर्यादेत’ हा शब्द वाचल्यावर मी पुढचं वाचलंच नाही.

दोन महिन्यांनी मुलीला नेहमीच्या तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी वजन उंची घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “घर जुनं आहे का? खिडक्यांचा रंग सुटतो?” दोन्हींना हो म्हटल्यावर त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. डेसिलिटरमागे ४.६ मायक्रोग्रॅम आलं.

त्या आकड्याचं काय करायचं तेच मला कळेना. डॉक्टरांनी समजावलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने लहान मुलांसाठी ३.५ हा संदर्भ आकडा २०२१ पासून धरला आहे, त्याआधी ५ होता. ३.५ च्या खाली सुरक्षित आणि वर धोका, असा त्याचा अर्थ नाही. तिथल्या बहुतेक मुलांपेक्षा या मुलाच्या रक्तात शिसं जास्त आहे, म्हणून कारण शोधायला लागा, एवढंच तो सांगतो. ज्याच्या खाली शिसं निरुपद्रवी ठरेल अशी पातळी आजवर कुणाला सापडलेली नाही. लहान मुलाचं शरीर पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. त्यात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं आणि हाडांत साठवतं. परिणाम मेंदूवर होतो, लक्ष लागण्यावर, शिकण्यावर होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाल्या, “औषध द्यावं अशी ही पातळी नाही. पण हे कुठून येतंय ते सापडायला हवं. ते बंद झालं की आकडा उतरतो.”

मी घाबरले होते. घरी येऊन फाइल काढली, प्रयोगशाळेत फोन लावला आणि तंत्रज्ञ बाईंना म्हटलं, पाण्यात तर तीनच आहे. त्यांनी एकच विचारलं, “नमुना किती वाजता घेतला होता?”

पाणीपुरवठा कार्यालयातही फोन केला. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं की शुद्धीकरण केंद्रातून सुटणारं पाणी रोज तपासलं जातं, त्यात शिसं नाही, आणि मीटरच्या पुढे जे काही आहे ते घरमालकाचं. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. आज वाटतं, ते बोलले ते खरं होतं, पण अर्धंच होतं. शिसं नदीतून किंवा धरणातून क्वचितच येतं. ते मिसळतं शेवटच्या काही मीटरांत, रस्त्यापासून आपल्या नळापर्यंतच्या वाटेवर. जुने शिशाचे पाइप, तांब्याच्या पाइपांच्या जोडांतला शिशाचा डाख, पितळी नळ आणि कॉक, काही पीव्हीसी पाइपांत स्थिरक म्हणून वापरलेली शिशाची संयुगं. ‘प्लंबर’ हा शब्दच मुळात शिशाच्या लॅटिन नावावरून आलेला, प्लंबम. इतकी शतकं पाणी आणि शिसं एकत्र नांदलं आहे. पण मीटरच्या पुढचं घरमालकाचं म्हटल्यावर, तिथे काय तपासावं आणि कसं, हे घरमालकाला कुणीतरी सांगायला हवं ना?

त्या आठवड्यात मी फ्लिंटबद्दल मिळेल ते वाचून काढलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हे शहर. २५ एप्रिल २०१४ रोजी त्यांनी पाण्याचा स्रोत बदलला आणि फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. ते पाणी आधीच्यापेक्षा जास्त गंज चढवणारं होतं. अशा पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालतात, म्हणजे पाइपाच्या आत संरक्षक थर टिकून राहतो. ते घातलं गेलं नाही. वर्षानुवर्षं बसलेले थर सुटले आणि शिसं पाण्यात उतरलं. इंजिनाचे भाग गंजतात म्हणून तिथल्या एका मोटार कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पाणी घेणं थांबवलं. माणसं मात्र पुढे वर्षभर तेच पाणी पीत होती. ली-ॲन वॉल्टर्स नावाच्या आईने पाठपुरावा केला तेव्हा फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्या नळाला लिटरमागे १०४ मायक्रोग्रॅम शिसं निघालं, नंतरच्या नमुन्यात ३९७. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने घरोघरचे नमुने तपासले, बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्ताचे आकडे जाहीरपणे मांडले, आणि ऑक्टोबरमध्ये शहर जुन्या स्रोताकडे परतलं.

यातली एक गोष्ट वाचताना मी थबकले. तिथल्या रहिवाशांना नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून पाइप धुऊन घ्यायला सांगितलं जात होतं. तसं केल्याने आकडा खाली येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लेखी कळवलं : आधी पाइप धुऊ नका, नळाची जाळी काढू नका, बाटली रुंद तोंडाची घ्या म्हणजे धार नेहमीसारखी मोठी ठेवता येईल. माझ्या पहिल्या नमुन्यात जाळी काढलेली होती, पाइप धुतलेला होता.

म्हणून त्या रात्री जाळी जागेवर होती, कॉक बंद होता आणि नळावर चिठ्ठी होती.

पहाटे पावणेसहाला आम्ही दोघं उठलो. नवरा बाटल्या धरणार, मी झाकणं लावणार. एकदा नळ उघडला की शेवटपर्यंत बंद करायचा नव्हता, भरलेली बाटली काढून लगेच पुढची सरकवायची. पहिली पाव लिटरची बाटली डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरली. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. मग पाच मिनिटं नळ सोडून सहावी. सहाही बाटल्यांतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. खिडकीतून उजेड यायला लागला होता, मी प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून पाहिली. काहीही दिसत नव्हतं.

अशा ओळीने घेतलेल्या नमुन्यांचा फायदा मला तंत्रज्ञ बाईंनीच सांगितला होता. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरभर लांबीला साधारण १७७ मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे एक लिटर पाणी म्हणजे पाइपाचे साडेपाच-पावणेसहा मीटर. पहिली पाव लिटरची बाटली नळाचं आणि त्याच्या लगतच्या जोडांचं पाणी दाखवते, पुढची प्रत्येक बाटली त्यामागच्या एकेका टप्प्याचं. रात्रभर जिथे होतं तिथलं पाणी त्याच क्रमाने बाहेर येतं. थोडंफार मिसळतं, पण क्रम मोडत नाही. मी टेप घेऊन नळापासून मीटरपर्यंतचा पाइप मोजला. एकोणीस मीटर. कागदावर तो पाइप आडवा काढला आणि त्यावर बाटल्यांच्या हद्दी आखल्या.

आठ दिवसांनी शिशाचे आकडे आले, लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. पहिली बाटली ३१. दुसरी ८. तिसरी ७. चौथी ४२. पाचवी १५. पाच मिनिटांनंतरची सहावी ३.

सहावीचा ३ म्हणजे माझ्या पहिल्या अहवालाचा ३. तो अहवाल खोटा नव्हता. रस्त्यावरून ताजं आलेलं पाणी कसं आहे ते त्याने बिनचूक सांगितलं होतं. आम्ही सकाळी उठून पितो ते पाणी कसं आहे, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

पहिल्या बाटलीचा अर्थ लावायला वेळ लागला नाही, तो पितळी नळ. चौथीसाठी कागद पुढ्यात घेतला. सव्वादोन ते सव्वातीन लिटर, म्हणजे नळापासून सुमारे तेरा ते अठरा मीटर. बोट ठेवलं तर ते जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत पडलं.

त्या खोलीतलं सामान बाहेर काढायला अख्खी दुपार गेली. भिंतीच्या पायथ्याशी रंगाचे अनेक हात बसलेला एक पाइप जमिनीलगत गेला होता. बाकीचा पाइप सरळ, हा मात्र किंचित वळणं घेत, जणू हाताने वाकवून बसवलेला. दोन्ही टोकांच्या जोडाशी कांद्याएवढी फुगीर, गुळगुळीत गाठ. मी चुंबक लावला, चिकटला नाही. म्हणजे लोखंड नव्हे. किल्लीच्या टोकाने रंग खरवडला आणि खालच्या करड्या धातूवर जरासा जोर दिला. किल्ली मेणात रुतावी तशी रुतली आणि ओरखड्यात चकचकीत चांदीचा रंग उघडा पडला. तांबं असतं तर ओरखडा तांबूस निघाला असता, प्लास्टिकला चकाकी आली नसती. चार मीटर शिसं होतं. आमच्या आधी कित्येक वर्षं तिथेच असणार. मी ओरखड्यावर लगेच चिकटपट्टी लावली, हात साबणाने धुतले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. त्या पायऱ्यांवरून मुलगी रांगत वर जायची.

त्या संध्याकाळची एक गोष्ट लिहिताना अजून जड जाते. मुलीचा रिपोर्ट आल्यापासून सासूबाई तिचं पाणी वीस वीस मिनिटं उकळत होत्या. गुडघे दुखत असताना रोज पहाटे उठून, घरात सगळे झोपलेले असताना, नळाचं पहिलं पाणी भरून. म्हणजे नेमकं रात्रभर थांबलेलं. मी त्यांना सांगितलं, “आई, उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं भांड्यातच राहतं, उलट थोडं दाट होतं.” त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, मग मी तिला काय देत होते इतके दिवस?” मी त्यांचा हात धरला. उकळणं जंतूंसाठी आजही उत्तम उपाय आहे, त्यांनी आयुष्यभर तो योग्यच केला होता. या शत्रूची ओळख आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

घरातलं यूव्हीचं यंत्रही इथे निरुपयोगी होतं. अतिनील किरण जंतूंना मारतात, धातूला त्यांचं काही वाटत नाही. शिसं अडतं ते आरओच्या पडद्यात, किंवा शिशासाठी प्रमाणित केलेल्या कार्बन ब्लॉक फिल्टरमध्ये. एनएसएफ/एएनएसआय ५३ या अमेरिकी मानकाखाली ‘लेड रिडक्शन’, म्हणजे शिसं कमी करणारा, असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नुसतं ५३ लिहिलेलं पुरेसं नाही, त्या मानकात बरेच पदार्थ येतात आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. आम्ही तसा फिल्टर बसवला आणि आतलं काडतूस (कार्ट्रिज) बदलायची तारीख त्याच्या अंगावरच लिहिली. मुदत संपलेलं काडतूस अडवण्याच्या कामाचं राहत नाही.

पाइप बदलेपर्यंत घरात दोन नियम झाले. सकाळी आणि बाहेरून उशिरा परतल्यावर पाणी आधी वाहू द्यायचं. आमच्या पाइपात साडेतीन लिटरच्या आत पाणी मावतं आणि नळाला मिनिटाला सहा लिटर येतं, म्हणजे पाऊण मिनिटात पाइप रिकामा होतो. आम्ही दोन मिनिटं धरली आणि ते पाणी बादलीत घेऊन फरशीला वापरलं. दुसरा नियम, पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी गरम पाण्याच्या नळाचं पाणी कधीच नाही. गरम पाण्यात धातू जास्त वेगाने उतरतो आणि त्या लाइनवर डाखाचे जोड होते.

लाइन तपासता तपासता आणखी एक धोका दिसला, शिशाशी संबंध नसलेला. मागच्या नळाला लावलेली रबरी नळी धुण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेली असायची. लाइनचा दाब अचानक पडला तर तीच नळी बादलीतलं पाणी उलट ओढून पिण्याच्या लाइनमध्ये नेते. नळीचं तोंड आता खुंटीवर टांगलेलं असतं.

डॉक्टरांनी खिडक्यांचं विचारलं होतं, ते मी पाण्याच्या नादात बाजूला ठेवलं होतं. त्यांनी फोनवर पुन्हा आठवण केली. जुन्या तैलरंगात शिसं असतं आणि खिडकी उघडताना मिटताना चौकट घासली की त्याची पूड पडते. ती खिडकीच्या कट्ट्यावर आणि खाली फरशीवर बसते, मूल रांगतं, हात तोंडात घालतं. आमच्या मुलीची लाडकी जागा म्हणजे झोपायच्या खोलीतली खिडकी, कट्ट्याला धरून ती उभी राहायची. रंगाची एक खपली प्रयोगशाळेत दिली. आज नव्या रंगासाठी अनेक देशांच्या कायद्यात दशलक्षाला ९० भाग ही मर्यादा आहे. आमच्या खपलीतलं प्रमाण तिच्या कितीतरी पट निघालं. चार पॉइंट सहातलं पाण्याचं किती आणि खिडकीचं किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. दोन्ही बंद करायचे, एवढंच हातात होतं.

नवऱ्याने लगेच सॅन्डपेपर आणायची तयारी केली. नशीब, आधी विचारलं. जुना रंग कोरडा घासणं ही यातली सर्वांत वाईट गोष्ट, सगळं घर त्या पुडीने भरतं. ज्यांना हे काम माहीत होतं अशा माणसांना बोलावलं. त्यांनी खोली प्लास्टिकने बंद केली, रंग ओला ठेवून काढला. ते दोन दिवस मुलगी आणि सासूबाई नणंदेकडे होत्या. आता कट्टे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसतो, त्या खोलीत झाडू मारत नाही.

पाइपाच्या कामाला प्लंबर आला तेव्हा त्याने सुचवलं, खराब दिसतोय तेवढा दीड मीटर कापू आणि तांब्याचा तुकडा जोडू. वाचलेलं इथे उपयोगी पडलं. शिशाचा पाइप मध्येच कापला तर धक्क्याने आतले जुने थर सुटतात आणि शिसं व तांबं एकमेकांना थेट जोडलं गेलं की राहिलेलं शिसं आणखी वेगाने झिजतं. अर्धवट बदलाने पुढचे आठवडे, महिने पाण्यातलं शिसं वाढू शकतं. पूर्ण काढायचं किंवा हात लावायचा नाही. चारही मीटर काढले, पितळी नळ बदलून पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित, शिसं नगण्य असलेला नळ बसवला. रस्त्यापासून मीटरपर्यंतचा तुकडा कशाचा आहे हे पाणीपुरवठा कार्यालयाच्या माणसाने येऊन दाखवलं, तो प्लास्टिकचा होता. त्यासाठी तीन अर्ज करावे लागले, पण माणूस आला.

काम झाल्यावर सगळ्या नळांच्या जाळ्या काढून अर्धा तास पाणी सोडलं. स्वयंपाकघराच्या जुन्या नळाची जाळी मी पांढऱ्या रुमालावर उलटी आपटली. वाळूचे चार कण, गंजाची पापडी आणि खसखशीएवढे सात-आठ करडे दाणे. एक दाणा नखाखाली दाबला तर तो फुटला नाही, चपटा झाला. सकाळच्या प्रत्येक पेल्यातलं पाणी या दाण्यांवरून आलं होतं. जाळ्या आता दर महिन्याला धुतो.

फिल्टर आम्ही काढला नाही. कामानंतर काही महिने पाणी अस्थिर राहू शकतं, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा बंद कॉक, पुन्हा सहा बाटल्या. पहिली ४, दुसरी ३, तिसरी ३, चौथी ३, पाचवी २, सहावी २. मुलीचं रक्त तिसऱ्या महिन्यात ३.१ आणि सहाव्या महिन्यात २.२. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होत जातं, हाडांत गेलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू परत रक्तात येत असतं. म्हणून डॉक्टरांनी पुढची तारीखही देऊन ठेवली आहे.

पाणी आम्लाकडे झुकलेलंच आहे, ते बदललेलं नाही. गरम पाण्याच्या लाइनचे डाखाचे जोड अजून आहेत, बेसिनमधला निळा ओघळ अजून उमटतो. ती लाइन पुढच्या टप्प्यात निघेल. शेजारच्या घरातही जिन्याखाली तशीच फुगीर गाठ असलेला पाइप निघाला. त्यांच्याकडे सात महिन्यांचं बाळ आहे. आज संध्याकाळी मी त्यांना माझ्या उरलेल्या बाटल्या नेऊन दिल्या, आकडे घातलेल्या, आणि टाकीचा कॉक कुठला ते दाखवून आले. चिठ्ठी त्यांच्या मोठ्या मुलाने लिहिली आहे, ठळक अक्षरांत. सकाळी पावणेसहाला झाकणं लावायला मी जाणार आहे.